मंगळवार पेठेतली मिशीवाल्यांची टाकी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. दुकानात एक बाकडं टाकायचं, बास!

माझं मंगळवार पेठेत काच आणि फोटो-फ्रेमचं दुकान. गिऱ्हाइकाला टेकायला म्हणून मी बाकडं टाकलं, पण त्यावर गिऱ्हाइकाला कधी जागाच मिळाली नाही. बसायची ती तीनच माणसं. समोरचा किराणा दुकानदार बसू, गुळाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर दत्ता आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माळी मॅडम. चौथा मी, सदा, काउंटरच्या आत काच कापायचा हिरा हातात धरून. चौघांना खूळ एकच, मासे पाळायचं. ते पण कसले? सोनेरी अंगाचे, झुपकेदार शेपटीचे, वरवर मिरवणारे नव्हेत. तळाला राहणारे, मातकट रंगाचे, मिशीवाले कॅटफिश!

पंधरा-एक वर्षं हा प्रकार चालला. तेवढ्या काळात अख्ख्या पेठेनं आम्हाला खुळ्यात काढलं. काढू दे. त्यातूनच तर पुढचं सगळं घडलं.

* * *

सुरुवात नव्वदच्या दशकाच्या आरंभाला झाली. एका बिल्डरनं त्याच्या हॉलसाठी चार फुटी टाकीची ऑर्डर दिली. दहा एमएमची काच. कडा घासून, सिलिकॉन भरून मी आठवडाभर त्या टाकीवर राबलो. टाकी न्यायच्या दिवशी बिल्डर आला तो एका वास्तुवाल्या सल्लागाराला सोबत घेऊनच.

सल्लागारानं टाकीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यात मासे कुठले सोडायचे?"

मी आपला सहज बोलून गेलो, "चार-पाच वरचे, आणि दोन-चार तळाला राहणारे."

सल्लागार दोन पावलं मागं सरकला. "तळाचा मासा? छे छे! तळाचा मासा घरात आला, की घर तळाला जातं!"

झालं! बिल्डरनं टाकीला हातसुद्धा लावला नाही. "सदाभाऊ, ही अपशकुनी झाली. बघा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता येते का," म्हणाला आणि गेला.

अपशकुनी! मी माझ्या हातानं केलेली टाकी! डोक्यात सणक गेली. बसूला हाक मारली, दोघांनी मिळून टाकी काउंटरशेजारी ओढली. म्हटलं, "आता हिच्यात तळाचंच मासं राहतील. वरचा एक पण न्हाई!"

बसू धाप टाकत म्हणाला, "आणि दुकान तळाला गेलं म्हंजे?"

"तळमजल्यावरच हाय की मर्दा! आणखी कुठं जाणार?"

* * *

माळी मॅडम आमच्यात आल्या त्या वडलांच्या फोटोला फ्रेम करायला म्हणून. टाकीत मी निळी-लाल खडी पसरत होतो. मॅडम उभ्या राहून बघत होत्या. मग विचारलं, "कुठले मासे?"

"कोरी कॅटफिश. मिशीवाले."

"मग ही खडी काढा."

"का?"

"ते मिशांनी तळ चाचपून खाणं शोधतात. टोकदार खडीवर घासून मिशा झडतात त्यांच्या." आणि माझ्या तोंडाकडं रोखून बघत म्हणाल्या, "तुमच्या झडल्या तर चालेल का?"

कोल्हापुरात, भर दुकानात, असला प्रश्न! माझा हात आपोआप मिशीवर गेला. बाकड्यावरचा दत्ता ताडकन उठला. "मॅडम, मिशीचा विषय काढलासा न्हवं? आता बघा, वाळू ट्रकनं आणतो!"

आणि गड्यानं खरंच नदीची बारीक वाळू ट्रकनं आणली! टाकीला लागली दोन बादल्या. उरलेल्या वाळूत बसूनं त्याच्या दुकानापुढं कट्टा बांधून घेतला.

ती दोन बादल्या वाळू धुता धुता माझ्या बायकोचे, शोभाचे, हात भरून आले. पाणी काही नितळ निघेना. शेवटी तिनं परात आपटली. "तांदूळसुद्धा एवढा धूत न्हाई मी! ह्यांचा भात करायचाय काय आता?"

वाळू बसली, पाणी भरलं, फिल्टर बुडबुडायला लागला. लपायला नारळाच्या करवंट्या पालथ्या ठेवल्या. आता मासे सोडायचे, तर मॅडम म्हणाल्या, "महिनाभर थांबा. पाणी पिकू दे, घाण पचवणारे जंतू वाढू देत त्यात."

पाणी पिकतं हे पेठेला काय ठाऊक! लोक यायचे, रिकाम्या टाकीत बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि मान हलवत जायचे. तालमीतला एक पैलवान रोज दूध प्यायला जाताना डोकवायचा. "मासं?" "यायच्यात." दुसऱ्या दिवशी परत, "मासं?" "यायच्यात की!" असं वीस-पंचवीस दिवस चाललं. एक दिवस तो आत आला, काचेला नाक लावून निवांत बघितलं आणि म्हणाला, "सदाभाऊ, पाणी बी नितळ हाय, वाळू बी झ्याक हाय. दुसरं कोण येणारच नसंल, तर मी उतरू काय?"

* * *

मासे आणले दत्तानं. मुंबईला गूळ उतरवून येताना, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत सहा कोरी. पिशवी क्लीनरच्या सीटवर आणि क्लीनर मागं हौद्यात!

सकाळी कोल्हापुरात शिरताना जकात नाक्यावर गाडी अडवली. कारकुनानं विचारलं, "पिशवीत काय?"

"मासं."

"किती?"

"सहा."

"सहा किलो?"

"सहा नग!"

कारकून नवीन होता, नियमाचा पक्का. त्यानं यादी उघडली. "ह्यात दोनच प्रकार आहेत. ताजे मासे आणि सुके मासे. तुमचे कुठले?"

"जितं."

"जिवंत यादीत नाहीत. ताज्यात धरू. पाणी काढा, वजन करू."

दत्ता खाली उतरला, पिशवी छातीशी धरून. "पाणी काढल्यावर हितं ताजं हायत, पण काट्यावर जाईस्तवर सुकं व्हतील. मग कुठल्या रकान्यात लिवतासा?"

"मग काय करायचं ते तुम्हीच सांगा!"

"मी कशाला सांगू? नाका तुमचा. ठरवा सावकाश, तवर मी हितंच हाय." आणि गाडी बंद करून, पिशवी मांडीवर घेऊन, पठ्ठ्या पायदानावर बसला! मागं ट्रकांची रांग, हॉर्नचा कालवा. प्रत्येकजण येऊन विचारतोय, "काय झालंय?" आणि दत्ता प्रत्येकाला मासे दाखवतोय.

शेवटी कारकुनानं एक कागद ओढला, खरडला आणि दत्ताच्या हातात कोंबला. दत्तानं तो तसाच माझ्या दुकानात आणला. म्हणाला, "फ्रेम कर."

कागदावर लिहिलं होतं, 'प्रवासी सहा. जकात लागू नाही.'

* * *

जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान असलेले एक पाहुणे माझ्याकडं देवाचे फोटो फ्रेम करायला टाकायचे. पहिल्यांदा टाकी बघितली तेव्हा बराच वेळ वाकून बघत राहिले. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी रसिक भेटला!

"सदाभाऊ, ह्ये मोठं कधी हुतात?"

"न्हाई हो. एवढंच राहत्यात. दोन बोटं."

"मग कालवणाला किती लागतील?"

मी हिरा खाली ठेवला. "पावणं, ह्यांचं कालवण केलं तर मांसापेक्षा मिशाच जास्त निघतील ताटात!"

पाहुण्यांनी फोटो उचलले आणि दारातून वळून म्हणाले, "तसं पण तुमच्याकडं जेवायला थांबणार नव्हतोच मी."

* * *

आता बसूच्या घरची गोष्ट. बसू म्हणजे बसवराज. मूळचे नेसरीकडचे, लिंगायत, घरात अंडं पण वर्ज्य. माझी टाकी बघून त्याला राहवेना. त्यानं माझ्याकडून दोन फुटी टाकी करून घेतली आणि थेट सोप्यात, बाहेरच्या बसायच्या खोलीत, नेऊन ठेवली. त्याच्या आईला आम्ही सगळेच अव्वा म्हणायचो. अव्वानं टाकी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"अय्यय्यो! शिव शिव! मासं? आपल्या घरात?"

"अव्वा, खायला न्हाई गं. बघायला!"

"बघायला मग बाजारात जा की! घरात कशाला?"

तीन दिवस अव्वा टाकीकडं पाठ करून बसली. जेवण झालं तरी बसूशी बोलेना. चौथ्या दिवशी बसूनं दत्ताकडून सकर मागवला. हा मासा पण तळाचाच, काळा, खरबरीत. तोंडानं काचेला चिकटून बसतो आणि शेवाळ खरवडून खातो. मॅडमनी सांगितलं होतं की त्याला काकडी आवडते. बसूनं काकडीची चकती टाकीत सोडली आणि दुकानात निघून गेला.

दुपारी घरी येतो तर अव्वा टाकीपुढं पाट टाकून बसलेली! काकडीच्या फक्त सालीचं वेटोळं उरलेलं. अव्वा म्हणाली, "बसू, ह्यो आपल्यातला हाय रे!"

तेव्हापासून अव्वा रोज त्याला काकडी, पालक, वाफवलेला दोडका घालायची. सोमवारी तर आधी त्याचं आणि मग घरच्यांचं! त्याला नाव ठेवलं शिवाप्पा.

श्रावणात पूजेला स्वामी आले. सोप्यात पाय ठेवताच थबकले. "बसवराज, घरात मासे? तुमच्यासारख्या घरात हे शोभत नाही."

बसू खाली मान घालून उभा. मीही तिथंच होतो, प्रसादाला म्हणून गेलो होतो. अव्वा मात्र पदर खोचून पुढं आली.

"स्वामी, ह्यो काकडी खातोय. पालक खातोय. कांदा-लसूण पण न्हाई."

"तरी पण, अव्वा..."

"तरी पण काय? आमचा बसू रविवारी कुठल्या खानावळीत जातोय आणि तांबड्यात काय बुडवून खातोय, ते मला म्हाईत न्हाई असं वाटतंय काय त्याला? ह्यो शिवाप्पा तरी जे खातोय ते माझ्यासमोर खातोय!"

बसूचा चेहरा तांबड्या रश्श्यापेक्षा लाल झाला. मी दोन रविवार बसूबरोबर त्याच खानावळीत होतो, म्हणून मी प्रसाद न घेताच घरी आलो!

* * *

दोन हजार सालानंतर लोडशेडिंग सुरू झालं. रोज दुपारी चार-चार तास लाईट गायब. हवेचा पंप बंद. कोरी तशी चिवट जात, अधूनमधून वर झेप घेऊन हवेचा घोट घेते आणि परत तळाला. पण आता दत्तानं आणखी आणून त्यांची संख्या वाढवली होती आणि उन्हाळा होता. सगळे सारखे वर-खाली करायला लागले. आम्ही चौघं पाळीपाळीनं मगानं पाणी काढायचो आणि वरनं धार धरून परत ओतायचो. मॅडम तर पेपर तपासायचं काम दुकानात घेऊन यायच्या. एका हातात लाल पेन, दुसऱ्या हातात मग!

तिसऱ्या दिवशी दत्ता ट्रकच्या चाकाची ट्यूब घेऊन आला. हवा भरून टम्म फुगवलेली. तिच्या तोंडाला बारीक नळी जोडली, नळीला चिमटा लावला आणि टोक टाकीत सोडलं. चिमटा थोडा सैल केला, तर बुडबुड बुडबुड! चार तास पुरली हवा.

दुसऱ्याच आठवड्यात वीज खात्यातले एक साहेब सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या सत्काराचा फोटो फ्रेमला घेऊन आले. दुकानात अंधार, फॅन बंद, साहेब रुमालानं वारा घेतायत. आणि फुटपाथवर ही एवढी मोठी काळी ट्यूब.

"हे काय आहे?"

दत्ता बाकड्यावरनं म्हणाला, "साहेब, तुम्ही लाईट घालवायला मोकळं, आम्ही हवा भरायला मोकळं!"

साहेब ओशाळून हसले. "अहो, आमच्या हातात काय असतं?"

"आमच्या हातात पंप असतोय," दत्ता म्हणाला. "पायानं मारायचा. तुमच्या हापिसात पाठवू काय एक?"

* * *

एका हॉलमध्ये टाक्यांचं प्रदर्शन भरलं. स्पर्धा होती. आम्ही मॅडमच्या नावानं भाग घेतला. बाकीच्यांच्या टाक्यांत रंगीत दिवे, प्लॅस्टिकचे राजवाडे, तोंडातनं बुडबुडे सोडणारे बेडूक. आमच्या टाकीत वाळू, लाकडाची मुळं, करवंट्या आणि अकरा कोरी. गर्दीला बुजून अकराही करवंट्यांखाली.

परीक्षक आले. उभ्या उभ्या बघितलं. "मासे कुठे आहेत?"

मॅडम म्हणाल्या, "खाली."

"दिसत नाहीत."

"खाली वाकलात तर दिसतील."

परीक्षकांचा सूट नवा होता. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले. बसू चिडला. "मॅडम, काठीनं करवंट्या हलवू काय?" मॅडमनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो स्वतःच करवंटीखाली लपायचा बाकी राहिला.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. नदीकाठच्या, जन्म मासेमारीत गेलेला. त्या सरळ फरशीवर फतकल मारून बसल्या, नजर वाळूच्या रेषेत आणली आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. "एक... दोन... ह्यो बघा तिसरा, मिशा हलीवतोय!" बघता बघता हॉलमधली पंचवीस-तीस माणसं फरशीवर बसली. राजवाडेवाल्या टाक्यांपुढं चिटपाखरू नाही!

आम्हाला मिळालं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र. मी म्हटलं, "मॅडम, फ्रेम करतो. चांगल्यातली."

मॅडमनी प्रमाणपत्र उलटसुलट केलं, बोटानं जाडी बघितली. "सदाशिवराव, कागद चांगला जाड आहे. कुणाच्या तरी फोटोला पाठीमागून लावा."

* * *

रस्ता रुंदीकरण निघालं. माझ्या दुकानाची पुढची चार फूट फळी आणि पत्रा रस्त्यात येत होता. खोटं कशाला बोलू, येत होताच. नोटीस आली होती, मुदत संपली होती, आणि मी उद्या-परवा करत होतो. पण ज्या सकाळी अतिक्रमणवाल्यांचं पथक जेसीबी घेऊन आलं, त्याच्या आदल्याच दिवशी टाकीत कधी नव्हे ते घडलं होतं. कोरीनं अंडी घातली होती! समोरच्या काचेवर, साबुदाण्याच्या निम्म्या आकाराचे सत्तर-ऐंशी दाणे. मोठे मासे ती खातात म्हणून मॅडमनी सगळ्यांना उचलून बसूच्या घरी हलवलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा! आणि टाकी नेमकी त्या चार फुटांच्या कडेला.

पथकाचे साहेब जीपमधून उतरले. धिप्पाड, गॉगल, आवाज खणखणीत. "कोण मालक? सामान काढा, दहा मिनिटं देतो."

"साहेब, काढतो. मी स्वतः काढतो. पण चार दिवस द्या."

"मुदत संपली."

"टाकीत अंडी हायत."

साहेबांना वाटलं मी चेष्टा करतोय. "कसली अंडी?"

"माशाची."

पथकातली माणसं फिस्सकन हसली. साहेब हसले नाहीत. "टाकी बाजूला घ्या."

मॅडम मधे आल्या. कॉलेजला जायच्या तयारीत होत्या, खांद्याला पर्स. "बाजूला घेता येणार नाही. पाणी काढलं की अंडी सुकतात. पाण्यासकट उचलली तर काच तडकते."

"मग खरवडून दुसऱ्या भांड्यात घाला."

"खरवडायला ती काय पिठल्याची खरवड आहे?"

बघ्यांची गर्दी जमली. जेसीबीचं इंजिन सुरूच. त्याच्या थरथरीनं टाकीतलं पाणी हलायला लागलं. मॅडम दुकानाबाहेर गेल्या, जेसीबीच्या सोंडेपुढं माझं बाकडं ओढून घेतलं आणि त्यावर बसल्या. पर्समधून पेपर काढले आणि तपासायला लागल्या. दत्ता जाऊन शेजारी बसला. मग बसू. मग अव्वा समोरून काठी टेकत आली आणि म्हणाली, "सरका की जरा!"

साहेबांचं तोंड लाल झालं. "हा सरकारी कामात अडथळा आहे. गुन्हा दाखल होईल सगळ्यांवर!"

मॅडमनी वर न बघता विचारलं, "नावं लिहून घेता का? माळी. ळ बाळातला, वेलांटी दुसरी. पोरं नेहमी चुकवतात."

दुकान माझं. उद्या सगळंच पाडलं तर? पण समोर ती चौघं बसलेली बघून मी कसाबसा बोललो, "साहेब, एकदा आत येऊन बघा. बघून पण पाडा म्हणालासा, तर मी सवता हातोडा मारतो."

साहेब तणतणत आत आले. गॉगल काढला. काचेजवळ तोंड नेलं. मी हातातली बॅटरी मागून धरली. उजेडात प्रत्येक दाण्यात बारीक काळा ठिपका दिसत होता आणि मधेच एखादा ठिपका थरथरायचा.

साहेब किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग ताठ झाले, बाहेर गेले आणि जेसीबीवाल्यावर खेकसले, "इंजिन बंद कर आधी! कळत न्हाई तुला?"

पथक गेलं. जाताना साहेबांनी मला एवढंच सांगितलं, "शुक्रवारी सकाळी."

बुधवारी दुपारपासून अंडी फुटायला लागली. गुरुवारी तळाच्या वाळूवर सुईच्या टोकाएवढी पिल्लं दिसायला लागली. शुक्रवारी सकाळी नऊला साहेब आले. जेसीबी नव्हता, माणसं नव्हती. पायरीखाली बूट काढले आणि आत आले. टाकीपुढं स्टूल ओढून बसले. मी शब्दाला जागलो. हातोडा घेतला, बाहेर जाऊन पहिल्या फळीवर मारला, दुसरा घाव घातला, तिसरा घालायला हात उचलला.

आतून साहेब ओरडले, "ओ शहाणं! हळू मारा की जरा! पिल्लांस्नी दणका बसतोय!"